सेकंड लाइफमध्ये घर निवडताना आणि दुकान थाटताना

सेकंड लाइफ या आभासी जगात वावरू लागलेल्या बहुतेक रहिवाशांच्या मनात लवकरच दोन इच्छा येतात: आपले म्हणावे असे एक घर असावे, आणि जमल्यास आपण घडवलेल्या वस्तू इतरांनी विकत घ्याव्यात. सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडेन लॅबने २३ जून २००३ रोजी सर्वांसाठी खुल्या केलेल्या या जगातील घरे, झाडे, कपडे, वाहने, इतकेच नव्हे तर अवताराची, म्हणजे या जगातील आपल्या प्रतिरूपाची, चालण्याची ढबसुद्धा बहुतांशी रहिवाशांनीच तयार केलेली असल्यामुळे या दोन्ही इच्छा पूर्ण होण्याजोग्या आहेत. मात्र दोहोंचा विचार एकाच वेळी आणि एकाच जागेसाठी केला, तर बहुधा दोन्ही फसतात. घरासाठी योग्य असलेला भूखंड दुकानासाठी क्वचितच योग्य असतो, आणि काही ठिकाणी तर घरातून विक्री करणे नियमाबाहेरचेच असते.

दोन्ही निर्णयांच्या मुळाशी असलेली एक गोष्ट मात्र समान आहे. येथे पैसे देऊन जे मिळते ती वस्तू नसून काही हक्कांचा संच असतो. जमीन म्हणजे लिंडेन लॅबच्या सर्व्हरवरील जागा वापरण्याचा परवाना, या जगाचे चलन असलेला लिंडेन डॉलर म्हणजेही वापराचा परवानाच, आणि दुकानातून आणलेली खुर्ची म्हणजे तिच्या प्रती काढता येतील का, तिच्यात बदल करता येईल का, ती दुसऱ्याला देता येईल का, या तीन प्रश्नांची उत्तरे. मार्क ब्रॅग या अमेरिकी वकिलाने आपली आभासी जमीन आणि खाते काढून घेतल्याबद्दल २००६ साली लिंडेन लॅबवर दावा लावला आणि तो वाद पुढे तडजोडीने मिटला, तेव्हापासून या मुद्द्याकडे अनेकांचे लक्ष गेले. त्यामुळे घर असो वा दुकान, पैसे भरण्याआधी आपल्याला नेमके कोणते हक्क मिळणार आहेत ते वाचून घेण्याची सवय लावावी. पुढे सांगितलेल्या बहुतेक गोष्टी याच सवयीतून निघतात.

पैशांबद्दल थोडक्यात सांगतो. एका अमेरिकी डॉलरला साधारण २५० लिंडेन डॉलर असा दर गेली अनेक वर्षे थोड्याफार फरकाने टिकून आहे. लिंडेन डॉलर लिंडेक्स या अधिकृत विनिमय केंद्रावरच घ्यावेत आणि तेथेच विकावेत. घेताना शुल्क लागते, विकताना लागते आणि कमाई जगाबाहेर काढतानाही लागते, त्याशिवाय काढण्यापूर्वी ओळखीची पडताळणी होते. म्हणून दुकानाचा हिशेब मांडताना हातात पडणारी रक्कम ही विक्रीच्या रकमेपेक्षा कमी असते, हे धरूनच चालावे. जगातल्या जगात भरघोस व्याज देऊ करणाऱ्या कोणाकडेही पैसे ठेवू नयेत. २००७ साली गिंको फायनान्शियल नावाची अशीच एक आभासी बँक कोसळली आणि ठेवीदारांचे पैसे बुडाले, त्यानंतर जानेवारी २००८ मध्ये लिंडेन लॅबने बाहेरच्या जगातील अधिकृत परवाना नसलेल्या बँकांवर बंदी घातली.

घर: क्षेत्रफळाआधी क्षमता पाहावी

जमिनीच्या जाहिरातीत चौरस मीटरचा आकडा ठळक असतो, पण राहणाऱ्याला रोज जाणवतो तो दुसरा आकडा, म्हणजे लँड इम्पॅक्ट. भूखंडावर ठेवलेल्या प्रत्येक वस्तूचा काही लँड इम्पॅक्ट असतो आणि त्यांची बेरीज भूखंडाच्या क्षमतेबाहेर जाऊ शकत नाही. एक रीजन, म्हणजे या जगाचा एक चौकोनी तुकडा, २५६ मीटर लांब आणि तितकेच रुंद, म्हणजे ६५,५३६ चौरस मीटरचे असते. लिंडेन लॅब स्वतः चालवते त्या खंडांना मेनलँड म्हणतात; तेथील सामान्य रीजनची क्षमता २२,५०० आहे, ती क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटली जाते, आणि म्हणून १,०२४ चौरस मीटरच्या भूखंडाला ३५१ तर ५१२ चौरस मीटरच्या भूखंडाला १७५ इतकी क्षमता मिळते. होमस्टेड या स्वस्त प्रकारच्या रीजनमध्ये मात्र क्षेत्रफळ तेवढेच असूनही एकूण क्षमता ५,००० च असते आणि एका वेळी २० अवतारच तेथे येऊ शकतात. भला मोठा समुद्रकिनारा कमी भाड्यात मिळतो आहे असे दिसले, तर बहुधा ती होमस्टेडवरील जागा असते. मोकळेपणा, शांतता आणि थोडे सामान एवढेच हवे असणाऱ्यासाठी ती उत्तम आहे. भरगच्च सजावटीची आवड असणाऱ्याची मात्र तेथे महिन्याभरात कुचंबणा होते.

क्षमतेचा हिशेब जागा घेण्यापूर्वीच करावा. आवडलेल्या घराचा लँड इम्पॅक्ट विक्रेत्याने लिहिलेला असतोच. त्यात स्वयंपाकघर, बैठक, पलंग, दिवे आणि अंगणातली झाडे यांचे आकडे मिळवावेत आणि एकूण क्षमतेचा पाचवा भाग तरी रिकामा राहील असे पाहावे, कारण नवी खरेदी उघडायला, एखादी होडी किंवा गाडी बाहेर काढायला आणि पाहुण्याने आणलेली वस्तू क्षणभर ठेवायलाही ही मोकळी क्षमता लागते. आणखी एक बारकावा नवख्यांच्या लक्षात येत नाही. मेश पद्धतीच्या, म्हणजे बाहेरच्या त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये घडवून आणलेल्या, वस्तू आकाराने वाढवल्या की त्यांचा लँड इम्पॅक्टही वाढतो. लहान असताना २ आकडा दाखवणारे झाड तिप्पट उंच केल्यावर अनपेक्षितपणे बराच मोठा आकडा दाखवू शकते. त्यामुळे वस्तू ज्या आकारात वापरायची आहे त्याच आकारात तिचा आकडा तपासावा.

घर मिळवण्याचे मार्ग मुख्यतः तीन आहेत, आणि त्यांतला फरक आपल्या डोक्यावर कोणाची सत्ता आहे यावरून ठरतो.

पहिला मार्ग लिंडेन होमचा. पैसे भरून मिळणारे प्रीमियम सदस्यत्व घेतल्यास १,०२४ चौरस मीटर जमिनीचे मासिक शुल्क माफ होते, आणि तेवढ्याच सवलतीत बेलिसेरिया या खंडावरील तयार घर निवडता येते. हा खंड एप्रिल २०१९ मध्ये हाउसबोट आणि पारंपरिक घरे घेऊन खुला झाला, पुढे कॅम्पर, व्हिक्टोरियन घरे, लाकडी ओंडक्यांची घरे, पाण्यावर खांबांवर उभी असलेली घरे असे प्रकार येत गेले. येथील मोठा फायदा असा की घर स्वतः आपल्या क्षमतेत मोजले जात नाही. १,०२४ चौरस मीटरच्या घरात सगळी ३५१ क्षमता सामानासाठी उरते. रस्ते, नद्या, बागा लिंडेन लॅबच्या देखरेखीखाली असल्याने शेजारी रातोरात एखादा काळा मनोरा उभा राहण्याची भीती नसते. त्या बदल्यात जमिनीचा चढउतार बदलता येत नाही, दिलेल्या नमुन्यांपैकीच घर निवडावे लागते आणि व्यापार पूर्णपणे निषिद्ध असतो. ज्याला मुख्यतः राहायचे आहे, शेजार हवा आहे आणि व्यवहाराची कटकट नको आहे, त्याने सुरुवात येथूनच करावी असे माझे स्पष्ट मत आहे. नापसंत पडलेले घर सोडून दुसरे मागता येते, त्यामुळे पहिल्या निवडीचे दडपण घेण्याचे कारण नाही. एक मात्र तपासावे: माफ असलेली १,०२४ चौरस मीटरची मर्यादा आधीच मेनलँडवरील जमिनीत वापरली गेली असेल, तर लिंडेन होमसाठी वाढीव मासिक शुल्क सुरू होते.

दुसरा मार्ग मेनलँडवरील जमीन विकत घेण्याचा. यासाठी प्रीमियम सदस्यत्व आवश्यक असते आणि जमिनीच्या किमतीशिवाय, माफ मर्यादेपलीकडील क्षेत्रासाठी लिंडेन लॅबला दरमहा शुल्क द्यावे लागते, ज्याला रहिवासी टियर म्हणतात. तीन मार्गांपैकी सर्वाधिक स्वातंत्र्य येथे मिळते, कारण मध्ये कोणी घरमालक नसतो. पण तेच स्वातंत्र्य शेजाऱ्यालाही असते, आणि म्हणून मेनलँडवर जमीन पाहण्यापेक्षा जमिनीच्या कडा पाहणे महत्त्वाचे ठरते. एका बाजूला लिंडेन लॅबचा संरक्षित रस्ता किंवा पाणी असेल, तर ती बाजू कायम मोकळी राहील याची बऱ्यापैकी खात्री असते. अशा भूखंडासाठी थोडी जास्त किंमत मोजणे योग्य आहे. उलट शेजारचा भूखंड आज रिकामा आणि सुंदर दिसत असला तरी नकाशावर तो पिवळ्या रंगात, म्हणजे विक्रीला काढलेला दिसत असेल, तर आजचा देखावा आपल्या हिशेबात धरू नये. सान्सारा, हेटेरोसेरा, जिओजिओट, कॉर्सिका, गाएटा, नॉटिलस, सातोरी आणि प्रौढांसाठीचा झिंड्रा या मेनलँडवरील प्रत्येक खंडाचा स्वभाव वेगळा आहे. ज्याला होडी चालवायची आहे त्याने जोडलेल्या पाण्याच्या मार्गाकडे पाहावे, ज्याला जुन्या रेल्वेमार्गालगत राहायचे आहे त्याने हेटेरोसेरात फिरावे. फिरण्यात घालवलेला वेळ येथे कधीच वाया जात नाही.

भूखंडाची तपासणी करताना त्यावर उभे राहून कंट्रोल, शिफ्ट आणि १ ही बटणे एकत्र दाबावीत, म्हणजे आकडेवारीची पट्टी उघडते. तीत टाइम डायलेशन (रीजनचा वेळ किती मंदावला आहे ते दाखवणारा आकडा) १ च्या जवळ आणि सिमचा, म्हणजे रीजनचा, एफपीएस (सेकंदाला होणाऱ्या फेऱ्या) ४५ च्या आसपास असेल तर रीजन निरोगी आहे. हे आकडे वारंवार खाली येत असतील, तर त्याच रीजनमध्ये कोठेतरी गर्दीचा क्लब किंवा स्क्रिप्टांनी, म्हणजे वस्तूंना चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमांनी, लगडलेले सामान आहे असे समजावे, आणि जागा कितीही आवडली तरी सोडून द्यावी. ही तपासणी एकदाच करून भागत नाही. आपण ज्या वेळी प्रत्यक्ष राहायला येणार आहोत त्या वेळी, शिवाय आठवड्याच्या शेवटी, पुन्हा करावी. त्याच फेरीत भूखंडाच्या सीमांवर चालून पाहावे. शेजाऱ्याने प्रवेश बंद केलेला असेल तर सीमेवर लाल अक्षरांची भिंत दिसते, आणि अशा भिंतींनी तिन्ही बाजूंनी वेढलेल्या जागेतून गाडी किंवा विमान काढणे अशक्यप्राय होते.

तिसरा मार्ग खाजगी एस्टेटवर, म्हणजे एखाद्या रहिवाशाच्या ताब्यातील रीजनवर, जागा भाड्याने घेण्याचा. त्याला प्रीमियम सदस्यत्व लागत नाही, भाडे लिंडेन डॉलरमध्ये बहुधा आठवड्याला भरायचे असते, आणि एकाच शैलीचा नीटनेटका परिसर मिळतो. मात्र येथे एस्टेटचा मालक सर्वसत्ताधारी असतो. काही एस्टेटवर जागा विकत घेतल्यासारखे दिसले आणि भूखंडावर आपले नाव लागले, तरी ती परत घेण्याचा अधिकार मालकाकडेच राहतो, आणि मालकाने लिंडेन लॅबचे शुल्क थकवले तर पूर्ण रीजनच नाहीसे होते. म्हणून भूखंडाच्या माहितीच्या चौकटीतील कव्हेनंट हा मालकाच्या अटींचा भाग पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचावा. भाडे थकल्यावर सामान किती दिवसांनी परत पाठवले जाते, मध्येच सोडल्यास उरलेले पैसे मिळतात का, आकाशात घर बांधता येते का, व्यापाराला परवानगी आहे का, एवढे चार मुद्दे तेथे सापडलेच पाहिजेत. न सापडल्यास मालकाला लेखी विचारावे आणि उत्तर जपून ठेवावे. सवलत मिळते म्हणून पहिल्याच दिवशी तीन महिन्यांचे भाडे भरणे शहाणपणाचे नाही. आधी एक-दोन आठवडे राहावे, मालक प्रश्नांना उत्तरे देतो का ते पाहावे आणि शेजारी भाडेकरू किती जुने आहेत याची चौकशी करावी.

जागा हाती आल्यावर खाजगीपणाची व्यवस्था लगेच करावी. भूखंडाच्या पर्यायांत बाहेरच्या अवतारांनी आतल्यांना पाहू नये व त्यांचे बोलणे ऐकू नये अशी सोय आहे, आणि बहुतेक घरांसाठी तेवढी पुरते. घुसखोराला बाहेर फेकणारी सुरक्षा यंत्रे लावायचीच असतील, तर त्यांनी आधी इशारा देऊन निघून जायला पुरेसे सेकंद द्यावेत. नुसता वरून उडत जाणारा प्रवासी इशाऱ्याविना घरी परत फेकला जातो तेव्हा त्याचे वाहन आणि प्रवास दोन्ही हरवतात, आणि हा त्रास त्याला देण्याचे काहीच कारण नसते. इतरांचे सामान आपोआप परत पाठवण्याची मुदतही ठरवून ठेवावी. मात्र जमीन ग्रुपच्या, म्हणजे रहिवाशांच्या गटाच्या, नावे लावली असेल, तर घरातल्या सर्वांनी आपापल्या वस्तू त्याच ग्रुपखाली ठेवल्या आहेत याची खात्री आधी करावी, नाहीतर जोडीदाराने मांडलेले फर्निचर काही मिनिटांत त्याच्या इन्व्हेंटरीत, म्हणजे खात्यातील सामानाच्या साठ्यात, परत गेलेले दिसेल.

दुकान: जागेआधी माल, मालाआधी हक्क

दुकानाची सुरुवात जागा शोधण्यापासून करणारे पुष्कळ असतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. विकायला निदान दहा-बारा चांगल्या वस्तू तयार होईपर्यंत भाड्याच्या जागेचा विचारच करू नये. तोपर्यंतची विक्री सेकंड लाइफ मार्केटप्लेस या संकेतस्थळावरून करता येते, कारण तेथे जमीन लागत नाही. विक्री झाली तरच ठरावीक टक्के कापले जातात, आणि वस्तू विकत घेतल्याबरोबर खरेदीदाराच्या इन्व्हेंटरीत आपोआप पोहोचते.

वस्तू तयार करताना सर्वांत जास्त काळजी तिच्या हक्कांची घ्यावी लागते. प्रत काढणे, बदल करणे आणि हस्तांतरित करणे हे तीन हक्क पुढील मालकाला द्यायचे की नाही हे निर्माता ठरवतो. प्रत काढण्याचा आणि हस्तांतराचा हक्क एकत्र दिला, तर पहिलाच खरेदीदार त्या वस्तूच्या हव्या तितक्या प्रती वाटू शकतो, म्हणून या दोहोंपैकी एकच द्यावा. फर्निचर, झाडे, दिवे अशा वस्तूंसाठी प्रत आणि बदल हे हक्क देऊन हस्तांतर रोखणे मला सर्वांत न्याय्य वाटते, कारण खरेदीदाराला एकाच खुर्चीच्या सहा खुर्च्या मांडता येतात, आकार आणि रंग घराशी जुळवता येतो, आणि काही बिघडले तर मूळ प्रत सुरक्षित राहते. भेट देण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या दागिन्यांसारख्या वस्तूंना मात्र हस्तांतराचा हक्क हवा. हक्क ठरवताना ज्यात भरून माल विकला जातो त्या डब्याचेच नव्हे तर डब्यातील प्रत्येक वस्तूचे, तिच्या आतील स्क्रिप्टचे आणि नोटकार्डाचेही (लेखी मजकुराच्या चिठ्ठीचेही) हक्क स्वतंत्रपणे तपासावे लागतात. वस्तू विक्रीला मांडण्यापूर्वी आपल्याच दुसऱ्या खात्याला ती विकून, त्या खात्यातून उघडून पाहणे ही एकमेव विश्वासार्ह चाचणी आहे. ती प्रत्येक वस्तूसाठी करावी, कंटाळा आला तरी.

मेश पद्धतीच्या वस्तू या जगात ऑगस्ट २०११ पासून आणता येऊ लागल्या. त्या अपलोड करण्यासाठी खात्यावर पैसे भरण्याच्या साधनाची नोंद असावी लागते आणि बौद्धिक संपदेविषयीची एक छोटी प्रश्नावली सोडवावी लागते. प्रत्येक अपलोडला शुल्क पडते, म्हणून आकार, पोत आणि लँड इम्पॅक्ट यांचे प्रयोग अदिती या चाचणी ग्रिडवर, म्हणजे केवळ चाचणीसाठी ठेवलेल्या वेगळ्या जगात, करावेत, कारण तेथे खरे पैसे खर्च होत नाहीत. स्वतः मेश बनवता येत नसेल, तर इतरांनी बनवलेले सर्वहक्क असलेले साचे विकत घेऊन त्यांवर आपले रंगकाम करून विकता येते. मात्र अशा साच्यांबरोबर येणारी अट वाचावी, कारण पुढच्या मालकाला कोणते हक्क देता येतील, वस्तू फुकट वाटता येईल का आणि अमुक किमतीखाली विकता येईल का, हे त्यात लिहिलेले असते. चित्रपटातील पात्रे, प्रसिद्ध कंपन्यांची चिन्हे किंवा दुसऱ्याच्या खेळातून काढलेली मॉडेल्स विकणे हा थेट कायद्याचा प्रश्न आहे, आणि तक्रार आल्यावर वस्तू सर्व खरेदीदारांच्या घरांतूनही काढून टाकली जाऊ शकते. नोव्हेंबर २००६ मध्ये कॉपीबॉट नावाच्या प्रोग्रॅममुळे इतरांच्या वस्तूंची नक्कल होऊ लागली, तेव्हा अनेक दुकानदारांनी निषेध म्हणून दुकाने बंद ठेवली होती. ज्या जगातील माल अशा मेहनतीवर उभा आहे तेथे दुसऱ्याच्या कष्टाचा आदर ठेवूनच व्यापार करावा.

मार्केटप्लेसवरील नोंदीत चित्र, किंमत आणि वर्णन एवढेच देऊन थांबू नये. लँड इम्पॅक्ट, मीटरमधील लांबी-रुंदी-उंची आणि तिन्ही हक्क पहिल्या दोन ओळींत लिहावेत, कारण अनुभवी खरेदीदार आधी तेच शोधतो. चित्र जगातलेच, साध्या उजेडातले असावे. बाहेरच्या सॉफ्टवेअरमध्ये रंगवून काढलेले सुंदर चित्र पाहून घेतलेली वस्तू प्रत्यक्षात फिकी दिसली, की तो माणूस पुन्हा फिरकत नाही. कपडे विकणाऱ्याने ते कोणकोणत्या मेश शरीरांवर बसतात हे स्पष्ट लिहावे आणि पारखून पाहण्यासाठी डेमो द्यावाच.

मग जगातल्या जगात दुकान हवेच कशाला, असा प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की सोफ्याभोवती फिरून, त्यावर बसून, तो आपल्या अवताराच्या उंचीला जुळतो का हे पाहून होणारी खरेदी संकेतस्थळावरच्या चित्रावरून होत नाही, आणि एका वस्तूसाठी आलेला माणूस शेजारची दुसरीही पाहतो. म्हणजे घरसामान, इमारती, बागा आणि वाहने यांच्या दुकानांना प्रत्यक्ष जागेचा मोठा फायदा होतो, तर छोट्या स्क्रिप्ट किंवा टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावर लावायची चित्रे) विकणाऱ्यांना तो क्वचितच परवडतो.

जागा घेताना भाड्याचे विक्रीत रूपांतर करून पाहावे. समजा जागेचे भाडे आठवड्याला ६०० लिंडेन डॉलर आहे आणि आपल्या वस्तूची सरासरी किंमत १५० आहे, तर नुसते भाडे फेडायला दर आठवड्याला चार वस्तू विकल्या गेल्या पाहिजेत, आणि त्या मार्केटप्लेसवर विकल्या गेल्याच असत्या अशा नव्हे, तर दुकानामुळे जास्तीच्या विकल्या गेलेल्या. दोन महिने हा आकडा गाठला जात नसेल तर जागा लहान करावी. एखाद्या मॉलमध्ये छोटा गाळा घेणे सुरुवातीला स्वस्त वाटते, पण मॉलमधील इतर गाळे रिकामे असतील तर तेथे कोणीच फिरकत नाही. त्यापेक्षा आपल्या मालाशी मेळ असणाऱ्या एखाद्या नावाजलेल्या ठिकाणाच्या जवळ, उदाहरणार्थ बागेचे सामान विकणाऱ्याने फिरायला येणाऱ्यांच्या आवडत्या निसर्गरम्य रीजनलगत, लहानशी स्वतंत्र जागा घ्यावी. मेनलँडवर १,०२४ चौरस मीटर जमीन असेल तर जमिनीवर दुकान आणि दोन-तीन हजार मीटर उंचीवर आकाशात घर अशी काटकसरीची व्यवस्थाही जमते, कारण वस्तू ४,०९६ मीटर उंचीपर्यंत ठेवता येतात. क्षमता मात्र दोघांत वाटली जाते, आणि दुकानात गर्दी झाली की वरच्या घरालाही ती जाणवते.

दुकानाची इमारत घरासारखी बांधू नये. या जगात पाहणाऱ्याचा कॅमेरा अवताराच्या मागे आणि थोडा वर असतो, त्यामुळे तीन मीटर उंचीच्या खोलीत तो छतात अडकतो आणि अरुंद दारातून जाताना माणूस गोंधळतो. छत पाच-सहा मीटर उंच, दारे तीन मीटर रुंद आणि मांडणी एका सरळ वाटेची असावी. येणारा माणूस कोठे उतरेल ते ठरवून ठेवावे, आणि उतरल्याबरोबर त्याला समोर नवीन माल दिसावा, भिंत किंवा दुसऱ्या अवताराची पाठ नव्हे. दुसरी मोठी अडचण टेक्स्चरची असते. शंभर व्हेंडरवर, म्हणजे विक्रीच्या पाट्यांवर, शंभर मोठी चित्रे लावली, तर ती सगळी उतरेपर्यंत दुकान राखाडी दिसते, आणि खरेदीदार तेवढा वेळ थांबत नाही. विक्रीच्या पाट्यांना ५१२ पिक्सेलची चित्रे पुरतात. हलणारे, लुकलुकणारे, आपोआप बोलणारे सामान शक्यतो टाळावे. दुकानातील प्रत्येक अनावश्यक स्क्रिप्ट रीजनचा वेळ खाते आणि ज्यांच्यासाठी दुकान मांडले त्यांचेच चालणे अडखळते.

विक्रीसाठी साधी वस्तूच विक्रीला लावता येते, पण माल वाढला की सर्व्हरशी जोडलेली व्हेंडर यंत्रणा घ्यावी. तिच्यात एका जागी किंमत बदलली की सगळीकडे बदलते, वस्तूची सुधारित आवृत्ती जुन्या खरेदीदारांना पाठवता येते, आणि ज्याची वस्तू हरवली त्याला ती स्वतःच पुन्हा मागवून घेता येते. या शेवटच्या सोयीमुळे तक्रारी अर्ध्याहून कमी होतात असे मला मनापासून वाटते.

लोकांना दुकान सापडावे यासाठी भूखंड शोधात दाखवण्याचा पर्याय घ्यावा, ज्याला आठवड्याला ३० लिंडेन डॉलर लागतात. वर्णनात मालाचे नेमके शब्द लिहावेत. गर्दीचा आकडा फुगवण्यासाठी बॉट, म्हणजे प्रोग्रॅमने चालणारे अवतार, उभे करून ठेवणे नियमाविरुद्ध आहे, आणि त्यातून एकही वस्तू विकली जात नाही. त्यापेक्षा नियमित भरणाऱ्या विक्रीमेळ्यांत एखादी खास वस्तू घेऊन सहभागी होणे आणि दुकानाचा ग्रुप काढून त्यात महिन्यातून एक-दोनदाच, काही सांगण्यासारखे असेल तेव्हा, निरोप पाठवणे अधिक फळते. ग्रुपांच्या संख्येवर प्रत्येक खात्याला मर्यादा असल्यामुळे कोणी आपल्या ग्रुपसाठी एक जागा दिली, तर ती अनावश्यक निरोपांनी वाया घालवू नये. नशिबावर आधारलेली विक्री मात्र करू नये. पैसे टाकल्यावर काय मिळेल ते न सांगणारी गाचा यंत्रे १ सप्टेंबर २०२१ पासून बंद करण्यात आली आहेत.

ग्राहकसेवेसाठी एक छोटी पण निर्णायक सोय करावी. आपण जगात नसताना आलेले निरोप ठरावीक संख्येनंतर पोहोचत नाहीत, म्हणून दुकानात मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे की मदतीसाठी नोटकार्ड पाठवावे आणि त्याच्या शीर्षकात स्वतःचे नाव व वस्तूचे नाव घालावे. व्यवहारांची यादी खात्याच्या पानावर मर्यादित दिवसच उपलब्ध असते, तेव्हा ती दर आठवड्याला उतरवून ठेवावी. दोनदा पैसे गेल्याची तक्रार आली, तर याच यादीवरून खरे-खोटे लगेच कळते, आणि पैसे गेलेले असल्यास ते त्याच दिवशी परत करावेत.

जागा बदलण्याची वेळ कधी ना कधी येतेच. दुकान हलवताना जुन्या जागेचे भाडे निदान दोन आठवडे चालू ठेवावे आणि तेथे नव्या जागेचा लँडमार्क, म्हणजे तेथे थेट नेणारी जपून ठेवायची खूण, देणारी पाटी लावावी, कारण खरेदीदारांच्या इन्व्हेंटरीतील जुने लँडमार्क पूर्वीच्याच जागी नेत राहतात. वस्तूंच्या आत ठेवलेले लँडमार्कही त्याच वेळी बदलून घ्यावेत. मेनलँडवरील जमीन मित्राला किंवा आपल्याच दुसऱ्या खात्याला द्यायची असेल, तर विक्रीच्या चौकटीत कोणालाही हा पर्याय ठेवून किंमत शून्य कधीही लिहू नये. स्वस्त जमिनीवर टपून बसलेले बॉट काही सेकंदांत ती उचलतात. आधी विकत घेणाऱ्याचे नाव निवडावे, नाव बरोबर असल्याचे पुन्हा एकदा पाहावे, आपले सामान परत घेतल्याची खात्री करावी, आणि मगच किंमत लिहून विक्री पक्की करावी.